भंगारातल्या आवाजाचा सातबारा

सेकंडहँड रेकॉर्डींच्या ढिगातनं जुनं हाउस संगीत 'शोधून काढणाऱ्यांची' हल्ली गर्दी झालीय. शिकागोची बारा इंची तबकडी, चाळीस वर्षांची, खरखरणारी. ती छातीशी धरून हे संग्राहक असे बोलतात, जसं काही कोलंबसानंच अमेरिका शोधली. म्हणजे तिथं आधी माणसं राहतच नव्हती!

दोस्तांनो, सवाल साधा आहे. हे संगीत हरवलं होतं कधी? आणि कुणाचं?

1977 साली शिकागोत वेअरहाउस नावाचा क्लब निघाला. नाचणारे बहुतेक काळे, लॅटिनो, समलिंगी. दुसरीकडे ज्यांना दार बंद, ते इथं पहाटेपर्यंत घाम गाळायचे. रेकॉर्डी लावायला फ्रँकी नकल्स. या वेअरहाउसवरनंच 'हाउस' हे नाव पडलं.

त्याच शहरात 12 जुलै 1979 ला काय झालं? कॉमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये, डिस्कोच्या रेकॉर्डींचं खोकं सुरुंगानं उडवलं. रेडिओवाल्यांची जाहिरात होती: एक डिस्को रेकॉर्ड आणा नि 98 सेंटांत आत या. हजारो पोरं, बहुतेक गोरी, मैदानात घुसली. दुसरा सामना झालाच नाही. त्या दिवशी लोकांना जागा दाखवायच्या कामावर एक काळा पोरगा होता, व्हिन्स लॉरेन्स. त्यानं पुढं सांगितलं की आणलेल्या सगळ्या रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच. काळ्यांच्या दुसऱ्या गाण्यांच्याही होत्या. मग राग कशावर होता? तालावर की कातडीवर?

याच लॉरेन्सनं जेसी सॉन्डर्सबरोबर 1984 मध्ये 'ऑन अँड ऑन' काढली. तबकडीवर आलेलं पहिलं हाउस म्हणून बहुतेक तिचंच नाव घेतात. राखेतनं आलेलं उत्तर!

यंत्रंही भंगारातलीच. रोलँडचं टीबी-303 हे गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. बाजारात आपटलं, 1984 मध्ये बंद पडलं, सेकंडहँडला स्वस्तात आलं. फ्युचरच्या पोरांनी त्याची बटणं नको तशी पिळली आणि 1987 मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' निघाली. व्यवस्थेनं टाकलेली वस्तू उचलून तिच्यातनं नवा आवाज काढला. याला कला म्हणतात, साहेब!

पण आवाज यांचा आणि सातबारा भलत्याच्याच नावावर. ट्रॅक्स कंपनी जुनं प्लास्टिक वितळवून रेकॉर्डी छापायची, म्हणून त्या खरखरतात. त्या खरखरीवर आज लोक भाळतात. लॅरी हर्डची 'कॅन यू फील इट' 1986 ची. रॉयल्टी दिली नाही म्हणून त्याला आणि रॉबर्ट ओवेन्सला 2020 मध्ये या कंपनीवर दावा लावावा लागला. 2022 मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठं आपल्याच गाण्यांचे हक्क परत मिळाले. छत्तीस वर्षं! तोवर जग नाचत होतं.

आणि सेकंडहँड बाजार? जुनी तबकडी या हातातनं त्या हातात जाते, भाव चढतो, दलालाचं पोट भरतं. ज्यानं वाजवलं त्याच्या खिशात एक सेंटही पडत नाही.

म्हणून रेकॉर्डी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. घ्या. वाजवा. बिनधास्त नाचा. नकल्स 2014 मध्ये गेला. त्याचा संग्रह शिकागोच्या साउथ साइडला, काळ्यांच्या वस्तीत, स्टोनी आयलंड आर्ट्स बँकेत ठेवलाय. आठवण जपायची ती अशी, तिच्या धन्यांच्या दारात. आपण निदान एवढं करू: लेबलावरची बारीक अक्षरं वाचू. नावं घेऊ. कलावंत जिवंत असेल तर नवी प्रत त्याच्याकडनंच घेऊ. आणि 'मी शोधलं' म्हणणाऱ्याला विचारू, कुणाच्या घरात शोधलंस रे?

'पँथर' हे नाव आपण 1972 मध्ये अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडनंच घेतलं. ज्यांचं नाव घेतलं, त्यांची नावं पुसली जाताना आपण नुसतं ठेका धरून बसायचं?