बॅटरी गेली, पण मोजली कोणी?

डिसेंबरातल्या एका सकाळी माझी २००८ ची मारुती ८०० सुरू होईना. सेल्फ मारला की नुसतं कट-कट. शेजारच्या पोरांनी धक्का दिला, कशीबशी गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या मुलानं बॉनेट उघडलं, एक नजर टाकली आणि म्हणाला, "काकू, बॅटरी गेली. नवीन टाकून देतो." त्यानं मीटर लावला नाही की एक बूच उघडून पाहिलं नाही.

मी बॅटरीवाल्याची मुलगी. अकोल्यात बाबांचं दुकान होतं. ओळीनं चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, घशाला लागणारा अ‍ॅसिडचा वास आणि बाबांच्या सदऱ्याला पोटापाशी पडलेली बारीक भोकं, हे माझं लहानपण. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी बाबा सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर घालायचे. पाच सेल १.२५ दाखवतायत आणि एकच १.१५ वर अडकलाय, तर तो सेल बसला. सगळेच सारखे खाली असतील तर बॅटरी नुसती उतरली आहे. तिला रात्रभर हळूहळू चार्ज करायचं. मोजल्याशिवाय "गेली" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

म्हणून त्या मुलाला म्हटलं, आधी मोज. बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर टेकवला तर १२.४ व्होल्ट. म्हणजे भरलेली नव्हती, पण मेलेलीही नव्हती. सेल्फ मारताना आकडा जेमतेम हलला. बॅटरीत दम नसता तर तो धाडकन दहाच्या खाली गेला असता. इथे करंट बॅटरीबाहेर पडतच नव्हता. निगेटिव्ह टर्मिनलखाली हिरवट-पांढरी पूड साचली होती आणि पकड सैल होती. दोन्ही तारा काढल्या, निगेटिव्ह आधी. बुचं घट्ट लावून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं खुंट्या घासल्या, पुसून कोरड्या केल्या, तारा आवळल्या, निगेटिव्ह शेवटी, वरून व्हॅसलीन. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. चालू इंजिनावर १४.१ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. त्याच बॅटरीनं पुढे सव्वा वर्ष काढलं.

प्रश्न माझ्या चार-पाच हजारांचा नाही. बॅटरीच्या वजनातला अर्ध्याहून जास्त भाग शिसं असतो. जुनी बॅटरी भंगारात गेली की पुष्कळदा ती उघड्यावर फोडतात, अ‍ॅसिड मातीत ओततात आणि शिसं भट्टीत वितळवतात. तो धूर तिथे काम करणाऱ्यांच्या आणि आसपास खेळणाऱ्या पोरांच्या अंगात जातो. शिशाची अमुक इतकी मात्रा चालते असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते कायमची इजा करतं. बाबा आम्हाला चार्जिंगच्या खोलीत पाऊल टाकू देत नसत आणि हातपाय धुतल्याशिवाय आम्हाला जवळही घेत नसत. सैल टर्मिनलपायी चांगली बॅटरी काढून टाकणं म्हणजे ते शिसं उगाच लवकर भट्टीकडे ढकलणं. मला याचा राग येतो.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा वापरात आणायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ते योग्यच झालं. पण बॅटरी बदलायची की नाही, हे ठरतं गॅरेजच्या दारात. तिथे माझी मागणी साधी आहे: नवीन बॅटरीच्या बिलावर जुनीचे दोन आकडे लिहा, पूर्ण चार्ज केल्यावरचा आणि सेल्फ मारतानाचा. सीलबंद बॅटरीला बूच नसतं, पण मीटर तर लावता येतोच.

आणि गाडी जुनी असेल तर आपणही बघायला हवं. आमच्याकडचं ऊन बॅटरीचं पाणी पितं आणि आतल्या प्लेटा खातं. तिचा खरा अशक्तपणा मात्र थंडीत, इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यावर कळतो. मार्च ते जून मी दर महिन्याला बुचं उघडते. प्लेटा उघड्या पडू द्यायच्या नाहीत. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही आणि अ‍ॅसिड तर नाहीच.

गेल्या मार्चमध्ये ती बॅटरी खरोखरच संपली. रात्रभर चार्ज करूनही सेल्फ मारताना ८.५. मग मात्र मी रेंगाळले नाही. तेवढ्याच, ३५ अँपिअर-अवरची नवीन घेतली, दुकानात वर्षभर पडून राहिलेली नाही ना हे तिच्यावरची तारीख वाचून पाहिलं. जुनी तिथेच जमा केली. दुकानदारानं बिलातून तिची किंमत वजा केली आणि माझ्या सांगण्यावरून खाली पेनानं लिहिलं: १२.५, ८.५, जुनी बॅटरी परत घेतली.