तारा त्याच, वीज जास्त; मग अडते कुठे?

विजेची तार किती भार पेलणार, हे तिच्या तापमानावर ठरते. प्रवाह वाढला की तार तापते, लांबते आणि तिला झोळ पडतो. म्हणून प्रत्येक वाहिनीला कमाल मर्यादा असते. ती बहुधा कडक ऊन आणि जेमतेम वारा गृहीत धरून काढली जाते आणि मोसमभर तीच वापरतात. थंड हवेत, वाऱ्याच्या वेळी तीच तार बरीच जास्त वीज सुरक्षितपणे नेऊ शकते. तारेवरील सेन्सर आणि हवामानाच्या नोंदींवरून ही मर्यादा तासातासाला काढणे आता शक्य आहे.

अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये ८८१ क्रमांकाचा आदेश काढला. हवेच्या तापमानानुसार दर तासाची मर्यादा ठरवण्यासाठी पारेषण कंपन्यांना जुलै २०२५ पर्यंतची मुदत दिली. जून २०२४ मध्ये ऊन आणि वारा यांचाही हिशेब धरण्याचा प्राथमिक प्रस्ताव मांडून आयोगाने मते मागवली.

स्वस्त उपायासाठी आदेश का काढावा लागतो? उत्तर दरांच्या नियमांत आहे. कंपनीला गुंतवलेल्या भांडवलावर परतावा मिळतो. नव्या वाहिनीत भांडवल मोठे, सेन्सरमध्ये किरकोळ. ग्राहकाची बचत कंपनीच्या खात्यात दिसत नाही.

भारतातही गाठ तीच आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२४-२९ च्या नियमांत नव्या पारेषण प्रकल्पांना भागभांडवलावर १५ टक्के परतावा आहे. स्पर्धात्मक निविदेतून झालेल्या वाहिन्यांनाही पैसे मिळतात ते वाहिनी उपलब्ध ठेवल्याबद्दल. तिच्यातून जास्त वीज नेल्याबद्दल नव्हे. दुसरीकडे, राजस्थानात पारेषण क्षमता अपुरी पडल्याने सौरवीज निर्मिती रोखावी लागते.

यात सुरक्षेशी तडजोड होते का? ऑगस्ट २००३ मध्ये ओहायोत महत्त्वाच्या वाहिन्या कागदावरील मर्यादेच्या आत असूनही वाढलेल्या झाडांना टेकल्या. त्या साखळीत अमेरिका-कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. म्हणजे ठरावीक आकडा पाळला की धोका टळतो, असे नाही. तारेची खरी स्थिती कळली, तर उष्ण आणि निर्वात दुपारी भार वेळीच कमीही करता येतो.

हा उपाय सर्वत्र सारखा चालणार नाही. राजस्थानातील मे महिन्याच्या दुपारी वारा नसेल, तर फायदा नगण्य. साताऱ्याच्या पठारांवर मात्र पवनचक्की फिरवणारा वाराच जवळच्या तारांना गार करू शकतो. कुठे रोहित्र, कुठे प्रणालीचे स्थैर्य आड येते. तिथे नव्या वाहिन्यांना पर्याय नाही.

त्यामुळे नियामकांनी दोन गोष्टी कराव्यात. नव्या वाहिनीला मंजुरी देण्याआधी जुनीची खरी क्षमता मोजलेली असावी. आणि त्यातून होणाऱ्या बचतीचा ठरावीक वाटा कंपनीला मिळावा. नाहीतर तारेत जागा असूनही नव्या मनोऱ्यांचा खर्च ग्राहकाच्या बिलात येत राहील.