स्पर्धा कोणाच्या जिवावर?



'देश स्पर्धेत टिकला पाहिजे, गुंतवणूकदार आले पाहिजेत,' हे आपण १९९१पासून ऐकत आलो आहोत. माझा त्याला विरोध नाही. रोजगार आपल्यालाही हवाच आहे. मी एवढंच विचारते, ही स्पर्धा कोणाच्या जिवावर?

बांगलादेशानं ती शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायकांच्या जिवावर लढवली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यांत बायकाच अधिक. आदल्या दिवशी तडे दिसल्यावर इमारतीतली बँक बंद झाली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. नंतर सुरक्षेचा करार झाला, कारखाने तपासले गेले, किमान वेतन महिना ३,००० टाकांवरून ५,३०० झालं. तरी धंदा पळाला नाही. कपड्यांची निर्यात वाढलीच.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. केंद्राच्या जुन्या कायद्यात १०० कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागे. आता ती मर्यादा ३०० आहे. शिवाय बाईच्या संमतीनं तिला रात्रपाळी देता येते. रात्री काम करण्याचा हक्क आपल्याला हवाच. पण नोकरी जाईल या धास्तीनं दिलेला होकार ही संमती कशी? पाठीशी संघटना असेल, घरी पोचवणारी गाडी असेल आणि 'नाही' म्हटल्यावरही काम टिकत असेल, तरच त्या 'हो'ला अर्थ.

गुंतवणूकदाराला भरवसा हवा, असं सांगतात. तो आम्हालाही हवा.