रात्रीचे पाणी, सौरवीज आणि सर्पदंश

शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण मात्र येतात ते पावसाळ्यात आणि पाण्याच्या पाळीला. शेतीपंपांची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्रपाळीत शेतकरी हातात बॅटरी घेऊन, अनवाणी उसात शिरतो. घोणस त्याच वेळी भक्ष्यासाठी बाहेर पडलेली असते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, त्यांतले बहुतेक खेड्यांतले.

म्हणून सौरविजेचे अनुदान हा मला आरोग्यावरचाही खर्च वाटतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकरी १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी ५ टक्केच रक्कम भरतो. पण पंप साडेसात अश्वशक्तीपर्यंतच. वारणेचे पाणी उचलून माळावर नेणाऱ्या सामुदायिक योजनांना तो कसा पुरणार? त्यांना २०२३ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० अधिक उपयोगी. वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, अख्ख्या फीडरला दिवसा वीज मिळते आणि पंप जुनाच चालतो. ग्रामपंचायतींनी जागेसाठी आडकाठी करू नये.

अर्थात दिवसाही गमबूट हवेतच. मण्यार तर घरात जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिथे मच्छरदाणीच कामाची.

योजनेची प्रगती मेगावॅटमध्ये मोजली जाते. केसपेपरवर दंशाची वेळ लिहितात. फीडर सौर होण्यापूर्वीचे आणि नंतरचे रात्रीचे दंश आरोग्य विभाग व महावितरणने तालुकानिहाय पडताळून पाहावेत.