ससेमिरा

'ससेमिरा' हा शब्द मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. एखाद्याची पाठ न सोडता त्याला भंडावून सोडणे, असा त्याचा अर्थ मी फळ्यावर लिहितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. परंतु तो अर्थ मला स्वतःला यंदाच्या आषाढात समजला. आणि तोही एका सशामुळे.

झाले असे, की वार्षिक परीक्षेत गणितात बरे गुण मिळाले तर ससा आणून देईन, असे मी चिरंजीवांना बोलून बसलो. मास्तरच्या मुलाचे गणित बेताचेच असणार, या भरवशावर बोललो होतो म्हणा ना! पण गुण मिळाले. मग उन्हाळा सरेपर्यंत मी चालढकल केली. एवढी एक गोष्ट मात्र नकळत शहाणपणाची ठरली, कारण सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि आमच्या मराठवाड्यातला वैशाख त्या दोन कानांना पुरा पडणारा नाही. पाऊस पडल्यावर नांदेडहून एक पांढरा ससा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, गाडीने पूर्णेला आणला.

पूर्णा हे जंक्शन. मनमाडकडची, नांदेडकडची आणि अकोल्याकडची अशा तिन्ही वाटा इथे एकत्र येतात. आमचे घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. पूर्णेकराची झोप गाडीच्या शिटीने मोडत नाही. पण त्या जिवाला हे कोणी सांगितले होते? शिटी झाली की तो मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटायचा. आम्हाला वाटले, राग आला. पुढे कळले, की बिळातल्या भाऊबंदांना 'पळा, संकट आले' असे कळवण्याची ती त्याची रीत आहे.

आम्ही त्याचा पिंजरा मोठ्या हौसेने बाहेरच्या खोलीत, अगदी मधोमध मांडला. गल्लीतली पोरे आली, त्यांच्या आया आल्या. कोणी गाजर पुढे केले, कोणी बोट. मी तर कहर केला. चित्रांत पाहिले होते तसे त्याचे कान धरून त्याला उचलले. त्याने अशी काही लाथ झाडली, की तो हातातून सुटला आणि थेट पलंगाखाली भिंतीला जाऊन चिकटला. आम्ही पलंग सरकवला, तो कपाटामागे गेला. कपाट हलवले, तो दारामागे. रात्र झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी गाजराला त्याने तोंड लावले नव्हते.

अकरावी-बारावीला माझ्याकडे मराठी शिकलेला एक मुलगा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, आधी कान धरणं बंद करा. पाठीचा कणा फार नाजूक असतो त्याचा; नुसत्या झाडलेल्या लाथेनंसुद्धा मोडतो. आणि दिवसभर पोटात काही गेलं नाही तर आतडं थांबतं, जीव जातो. गाजर राहू द्या, गवत ठेवा." आणखीही त्याने पुष्कळ सांगितले. सशाला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण नाकासमोरचे तेवढे दिसत नाही. आम्ही सगळे नेमके तिथेच बोटे नाचवत होतो. वरून झेपावणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घारच. आपल्या रानातला ससा निराळा. तो बीळ करीत नाही, गवतात दबून राहतो, त्याची पिले उघड्या डोळ्यांनी जन्मतात. आणि 1972 च्या कायद्याने त्याला धरणे-पाळणे हा गुन्हा आहे. हा पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या बीळवाल्या सशांच्या वंशातला. त्याला डोक्यावर छत आणि सभोवार अंधार लागतो.

मी हे सारे घरात मोठ्याने सांगत होतो. तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या त्याच पलंगावर माझी आई बसलेली होती.

बापू माघात गेले. चैत्रात मी आईला गोदाकाठच्या गावाहून इकडे आणले. आईला मागे कुठे ठेवायचे नाही, लोक काय म्हणतील, म्हणून तिचा पलंग दर्शनी खोलीत टाकला. वर पंखा, समोर टीव्ही, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर. आणि आम्ही दोघे तासातासाला तिला विचारत होतो, "माय, करमतं ना? काही हवं का? जेवली का नाहीस?" ती "बरं हाय" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. तिचे जेवण अर्ध्या भाकरीवर आले होते.

माझे व्याख्यान संपल्यावर आई म्हणाली, "आरं, त्याला आधी बीळ दे. घर मंग दाव." आणि थोड्या वेळाने, "बाजारातून नवी गाय आणली का तुझे बापू आठ दिस तिच्या अंगाला हात लावत नव्हते. नुसते दावणीपाशी बसून राहायचे."

मागच्या बाजूला धान्याच्या कणग्यांची एक लहान खोली आहे. गाड्यांचा आवाज तिथे कमी येतो. तिथे एक खोके पालथे घातले आणि त्याला दोन दारे कापली; दुसरे दार असले की पहिल्यातून आत जायला भीती वाटत नाही. पाण्याचे जड भांडे ठेवले. आईने परसातली हराळी उपटून, धुऊन, खोक्याशी ठेवली आणि ती तिथेच पाठ फिरवून गहू निवडत बसली. त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या रात्री गवत कुरतडल्याचा बारीक आवाज आला. इतका गोड आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

सकाळी पाहतो तर आईने आपले अंथरूणही त्याच खोलीत नेलेले! मी म्हणालो, "माय, इथं अडगळीत कशाला?" ती म्हणाली, "हितं बरं वाटतं."

मी गप्प झालो. चार महिने आपण काय करीत होतो, हे त्या तीन शब्दांत मला कळले. आईच्या मागे मीच ससेमिरा लावला होता. आणि त्याला मी सेवा समजत होतो.

त्या शब्दाचा सशाशी संबंध नाही, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. सिंहासनबत्तीशीत गोष्ट आहे. वाघाच्या भयाने झाडावर चढलेल्या राजपुत्राला अस्वलाने आसरा दिला, स्वतः जागून त्याला झोपू दिले. मग अस्वल झोपले तेव्हा राजपुत्राने त्याला ढकलले. त्या पापाने वेडा होऊन तो 'ससेमिरा' एवढेच बरळू लागला. ती चार अक्षरे म्हणजे चार श्लोकांची आद्याक्षरे. पहिल्या श्लोकाचे सांगणे असे, की विश्वासाने जवळ येऊन निजलेल्याला फसवण्यात कसली आली हुशारी?

आठव्या दिवशी सशाने आईच्या पायाचा वास घेतला. तीन आठवड्यांनी तो तिच्याभोवती गिरक्या घेऊ लागला. कोजागिरीच्या रात्री ती मागच्या दारात बसून नातवाला चंद्रावरचा ससा दाखवत होती, आणि खालचा ससा तिच्या मांडीला पाठ लावून, पाय लांब पसरून निवांत आडवा झाला होता. पाय पसरून झोपलेला ससा पळायला तयार नसतो. म्हणजे त्याला आता पळायचेच नसते. तेवढ्यात मालगाडीची शिटी झाली. एक कान हलला, इतकेच.

आई अजूनही म्हणते, दिवाळी झाली की गावाकडे जाऊन येते. पूर्वी ती 'जाते' म्हणायची. मराठीच्या मास्तराला हा फरक पुरतो. मी तिला काही विचारत नाही. संध्याकाळी कॉलेजातून आलो, की मागच्या खोलीत तिच्याशेजारी बसतो आणि गहू निवडतो.