डासांना वासानेच जाळ्यात ओढता येईल का? केनियातल्या एका बेटावर काय दिसलं?

चारजण गप्पा मारत बसलेले असतात, पण डास एकालाच फोडून काढतात. मग 'तुझं रक्त गोड आहे' हे ठरलेलं वाक्य कानावर येतं. खरं तर गोड रक्ताचा इथे संबंध नाही. फरक पडतो तो अंगाच्या वासाने. हाच वास आता डासांविरुद्धचं हत्यार म्हणून वापरला जातोय.

डासांना माणूस सापडतो कसा?

चावते ती फक्त डासाची मादी. अंडी तयार करण्यासाठी तिला रक्त लागतं. आपण श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिला काही मीटरवरूनच कळतो. जवळ आल्यावर त्वचेचा वास, ऊब आणि ओलावा यांच्या मदतीने ती नेमकी जागा शोधते.

त्वचेच्या वासात लॅक्टिक आम्ल, अमोनिया, कार्बोक्झिलिक आम्लं असे अनेक घटक असतात आणि त्यांचं प्रमाण माणसागणिक बदलतं. ज्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक आम्लं जास्त, त्यांच्याकडे डेंग्यू पसरवणारे एडिस डास जास्त ओढले जातात, असं अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठाच्या २०२२ मधल्या अभ्यासात दिसलं.

रुसिंगा बेटावरचा प्रयोग काय होता?

केनियात व्हिक्टोरिया सरोवरात रुसिंगा नावाचं बेट आहे. वस्ती साधारण २५ हजार. नेदरलँड्सचं वागेनिंगेन विद्यापीठ आणि केनियातली कीटकविज्ञान संस्था 'इसिपे' यांनी २०१२ ते २०१५ दरम्यान इथे 'सोलरमाल' प्रकल्प राबवला.

घराबाहेर एक सापळा लावायचा. त्यात माणसाच्या वासाची नक्कल करणारं रसायनांचं मिश्रण. वासाला भुलून डास आला की आतला छोटा पंखा त्याला खेचून घेतो. बेटावर वीज फारशी पोहोचलेली नव्हती, म्हणून छपरावर सौर पॅनल. त्याच पॅनलवर घरात दिवा लागायचा आणि मोबाइलही चार्ज व्हायचा.

निकाल काय आला?

'लॅन्सेट'मध्ये २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाले. सापळे असलेल्या भागात तपासलेल्या लोकांपैकी २३.७ टक्के जणांच्या रक्तात मलेरिया आढळला. सापळे नसलेल्या भागात हेच प्रमाण ३४.५ टक्के होतं. मलेरिया पसरवणाऱ्या 'ॲनोफिलिस फुनेस्टस' या जातीचे डास जवळपास ७० टक्क्यांनी घटले.

हे महत्त्वाचं आहे, कारण अनेक देशांत डास आता नेहमीच्या कीटकनाशकांना दाद देत नाहीत. वासाच्या सापळ्यात मात्र डास पकडायला कीटकनाशक लागत नाही.

पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. बेटावरचे लोक मच्छरदाण्याही वापरत होते, म्हणजे सापळा हा जोडीचा उपाय होता. शिवाय प्रत्यक्ष तापाने आजारी पडलेले रुग्ण इतके कमी होते, की आजारपण किती घटलं हे ठामपणे सांगता आलं नाही.

महाराष्ट्रात याचा उपयोग होईल?

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि घराजवळच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याच्यासाठी वासाची दुसरी युक्ती भारतातच शोधली गेली आहे. अंडी कुठे घालायची हेही मादी वासावरून ठरवते. ग्वाल्हेरमधल्या 'डीआरडीई' या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने एडिसच्या अळ्यांवरचं 'हेनआयकोसेन' हे रसायन ओळखलं. या वासाने मादी अंडी घालायला येते. पाण्यात त्याच्या जोडीला अळ्यांची वाढ रोखणारं औषध असेल, तर अंडी पडतात, पण डास तयार होत नाहीत.

अडचण अशी, की शेजारीच उघडी टाकी, पाण्याचा पिंप किंवा जुना टायर असेल, तर मादीला तीही जागा चालते. सापळ्यांची देखभालही लागतेच. वास उडून जातो, आमिष बदलावं लागतं, पंखा बंद पडला तर सापळा नुसता टांगलेला राहतो. एखाद्या घराने सापळा विकत घेऊन आजार थांबत नाही. रुसिंगावर फरक पडला तो वस्तीच्या वस्तीने सापळे लावले म्हणून.

म्हणजे वासाचा सापळा कामाचा आहे, पण महापालिका किंवा ग्रामपंचायतीने तो वस्तीभर लावून चालू ठेवला तरच. तोवर आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासणं आणि रात्री मच्छरदाणी लावणं, याला पर्याय नाही.