पंचेचाळीस अंशांत पायाला ऊब

भंडाऱ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो. अशा भरदुपारी कूलरसमोर बसून, ओल्या रुमालानं मान पुसत, आमचे साडू मला सांगत होते की विनाईल फ्लोअरिंगचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते पायाला उबदार लागतं. मी हसलो. साडू दुखावले. हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. ज्या टाइलवर ते हा थर टाकायला निघाले होते, तिच्यावरच त्या क्षणी त्यांनी गारव्यासाठी चप्पल काढून तळपाय टेकवले होते.

विनाईल म्हणजे पीव्हीसी. मीठ आणि खनिज तेलाचं रासायनिक अपत्य. याच कुळातला नळ आपण संडासाला लावतो आणि त्याबद्दल चारचौघांत बोलत नाही. त्याच्याच चुलतभावाच्या अंगावर ओक लाकडाचा फोटो छापला की मात्र त्याला दिवाणखान्यात मानाचं पान! 1926 साली अमेरिकेत वाल्डो सेमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं हा ताठ पदार्थ मऊ, लवचिक करून दाखवला. गृहस्थ खरं तर रबर धातूला चिकटवण्यासाठी डिंक शोधत होते, निघालं भलतंच. शंभर वर्षं होत आली, पण चिकटण्याचा तो मूळ प्रश्न आमच्याकडे अजून सुटलेला नाही. उन्हाळ्यात कोणाच्याही घरी जा आणि कोपऱ्यातली वर वळलेली पट्टी बघा.

आता विक्रेत्याचं गुणवर्णन ऐका. एक, पाण्यानं खराब होत नाही. बरं, खालची टाइल काय साखरेची आहे? दोन, पुसायला सोपं. टाइल पुसायला आजवर कोणी कुदळ मागितली होती? तीन, तोडफोड लागत नाही. अहो, तोडफोड मागितली कोणी? धडधाकट, सपाट, दहा वर्षांपूर्वी कर्ज काढून बसवलेली फरशी सुखानं नांदते आहे आणि तुम्ही तिला वाचवल्याचं श्रेय घेताय. एकेक गुण तपासत गेलं की लक्षात येतं, हे सगळे गुण खाली आधीच आहेत. नवा असा एकच, तो ऊब. आणि ऊब ही ज्या देशांत सहा महिने खिडकीबाहेर बर्फ असतो, तिथल्या जाहिरातीतून थेट वैनगंगेच्या काठी येऊन पडली आहे. पुस-माघात आमच्याकडेही फरशी गार पडते, कबूल. त्याला आपल्या पूर्वजांनी सतरंजी शोधली. ती फाल्गुनात गुंडाळून ठेवता येते.

टाइलवर विनाईल बसवायची शास्त्रोक्त पद्धत वाचली तर आणखी गंमत आहे. आधी एकेक टाइल नाण्यानं ठोकून बघायची. पोकळ वाजली तर काढून पुन्हा बसवायची. मग सगळे सांधे लेव्हलिंगच्या मसाल्यानं भरून पृष्ठभाग सपाट करायचा, नाहीतर दीड-दोन मिलिमीटरच्या पातळ शीटमधून खालचे सांधे काही महिन्यांत वर उमटतात आणि तुमच्या ओक वृक्षाला चौकटीचा लुंगीपट्टा येतो. मसाला वाळू द्यायचा. तेलकटपणा घासून काढायचा. पट्ट्या घरात आणून खोलीच्या हवेत मुरू द्यायच्या. भिंतीलगत सगळीकडून फट सोडायची, कारण पीव्हीसी तापलं की चिनीमातीच्या कितीतरी पट फुगतं. आणि हे सगळं करताना खोलीचं तापमान साधारण 18 ते 29 अंश हवं, असं बहुतेक कंपन्या छापतात. भंडाऱ्यात 18 ते 29! म्हणजे दिवाळी ते होळी एवढाच मुहूर्त. लग्नसराई बरी, तिला वर्षातून जास्त तारखा मिळतात.

मिस्त्रीला विचारलं, भाऊ, लेव्हल कराव लागन का? त्यानं खांद्यावरचा गमछा झटकला. ‘काही गरज नाही जी, चिपकून जाते. काहून चिंता करता?’ संपलं शास्त्र.

पण खरी शोकान्तिका दारापाशी आहे, आणि इथं मला थोडं थांबू द्या. क्लिकच्या, म्हणजे एकमेकींत अडकवायच्या कडक पट्ट्या चार ते सहा मिलिमीटर जाड. खाली फोमचं अस्तर टाकलं तर अजून वर. मग दार उघडेना. उपाय? सुतार बोलवा, दार बिजागरीवरून उतरवा, खालून रंधा मारा. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या घरांची दारं कशाची? सागवानाची. आजोबांच्या काळातली, दोन माणसांनी उचलायची. म्हणजे खऱ्या सागवानाचा भुसा पाडायचा, का, तर लाकडाच्या फोटोला जागा व्हावी म्हणून! कोका अभयारण्य शेजारी, नागझिरा हाकेच्या अंतरावर, निम्म्या महाराष्ट्रानं ज्या मुलखाला झाडीपट्टी म्हणून ओळखलं त्या मुलखात युरोपातल्या झाडाचं छायाचित्र अंथरण्यासाठी घरचं झाड तासलं जातंय. आणि याचं नाव ‘नॅचरल लुक’.

कूलरचं काय? विदर्भातला कूलर गळणारच. टाइलवर गळलेलं पाणी फडक्यानं उचलता येतं. विनाईलच्या सांध्यातून, भिंतीलगतच्या फटीतून ते खाली उतरतं आणि तिथंच मुक्काम ठोकतं. वरून जलरोधक असलेली वस्तू खालूनही जलरोधक असते. आत गेलेल्याला बाहेर सोडत नाही. महिनाभरानं खोलीला जो वास येतो, त्याचा फोटो मात्र कॅटलॉगमध्ये नसतो. आणि हे झालं कूलरचं. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा भंडारा शहरात घरांमध्ये शिरली होती. नदी उतरल्यावर टाइलवरचा गाळ खराट्यानं लोटता येतो, चार बादल्या ओतल्या की खालची फरशी पुन्हा तोंड दाखवते. शीटखाली शिरलेला गाळ कोणत्या खराट्यानं काढणार? ज्या गावाला नदी घरात येण्याची सवय आहे, त्या गावात जमिनीला कातडं चढवायला छाती लागते. साडूंना आहे.

शिवाय आपण घरात नुसते बसत नाही. आपण दिवा लावतो, कापूर जाळतो, उदबत्तीची राख सांडतो. टाइलवर ठिणगी पडली की विझते, विनाईलवर पडली की सही करून जाते. रांगोळीची दगडी पूड त्या खोट्या लाकडाच्या खोट्या रेषांत अडकते. भंडारा तर पितळी भांड्यांचं गाव. घरोघरी एखादं जडशीळ घंगाळ माळ्यावरून उतरतंच. ते विनाईलवरून एकदा ओढून बघा. आणि तान्ह्या पोळ्याला पोरं खऱ्या लाकडाचा, चाकांचा नंदीबैल ओढत आणतात. खोट्या लाकडावर खरा बैल! चाकांचे ओरखडे उमटतात आणि साडू पोरांवर खेकसतात. बैलाची चूक काय?

मी आंधळा विरोधक नाही. दवाखान्याच्या शस्त्रक्रियागृहात विनाईल शोभतं; तिथं सांधे तापवून जोडतात, कडा भिंतीवर चढवतात, जंतूला लपायला फट ठेवत नाहीत. भाड्याच्या खोलीत घरमालक फुटकी फरशी बदलत नसेल तर अंथरा बापडे. इंग्लंडात 1860 च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टननं लिनोलियम नावाचं असंच जमिनीवर अंथरायचं आच्छादन काढलं होतं, जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि तागाचं अस्तर यांचं. जवस! जे आमचा शेतकरी धान उभा असतानाच बांधीत उतेरा म्हणून फेकतो. तसलं काही कोणी विकायला आणलं असतं तर मी निदान चहा पाजून ऐकून घेतलं असतं. पण तेल आमच्या ओळखीचं असलं की वस्तू फॅशनेबल राहत नाही बहुधा.

आमच्याच जिल्ह्यातल्या पवनीला 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा थरांखालून प्राचीन स्तूप निघाला. उद्या कोणी साडूंचा हॉल खणला तर काय निघेल? सगळ्यात वर प्लॅस्टिकवर छापलेलं लाकूड. त्याखाली चिनीमातीवर छापलेला संगमरवर, कारण ती टाइलसुद्धा कसल्यातरी इटालियन दगडाचा फोटोच आहे. त्याखाली शहाबादी, जी निमूटपणे स्वतःसारखी दिसते. आणि तळाशी सारवलेली जमीन. संशोधक निष्कर्ष काढतील की या लोकांना पायाखाली काय आहे ते बघण्याची भीती वाटत असावी.

हॉलचं काम उरकलं आहे. साडूंचा पुढचा बेत भिंतींचा. टीव्हीमागची भिंत पीव्हीसीच्या पॅनेलनं मढवायची ठरली आहे आणि तिच्यावर संगमरवर छापलेला असेल. मी विचारलं, फरशीवरचा संगमरवर झाकलात तो कशाला मग? ते म्हणाले, ‘तो जुन्या डिझाइनचा होता.’